रस्ता एक, भाव दोन: पूर्वेकडचे फ्लॅट स्वस्त का?

पायवाट

पुणे महापालिकेच्या हद्दीतला, मुठेच्या पात्रापासून फार लांब नसलेला एक रस्ता. दोन्ही अंगांना १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत उभ्या राहिलेल्या सोसायट्या. सगळ्यांना लिफ्ट, सगळ्यांना भोगवटा प्रमाणपत्र, पाणी एकाच टाकीचं, बसथांबा एकच. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांतल्या फ्लॅटच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी ई-सर्चवरून (नोंदवलेले दस्त शोधण्याची सरकारी ऑनलाइन सोय) काढल्या: पश्चिमेच्या ३१, पूर्वेच्या २६. मोबदला भागिले क्षेत्रफळ केलं तर पूर्वेकडचा सरासरी दर १८ टक्क्यांनी कमी येतो.

रस्ता ओलांडला की अठरा टक्के उतार, हे पटत नाही. वास्तूचं म्हणावं तर दोन्हीकडे सगळ्या दिशांना दारं आहेत. दलाल मंडळी 'तिकडची बाजू जरा डाऊन आहे' एवढंच सांगतात, म्हणजे प्रश्नच उत्तर म्हणून परत देतात. कारण कुठे शोधावं?

गंमतगोष्ट

पूर्वेला स्मशानभूमी, कचरा डेपो, उच्च दाबाची वीजवाहिनी असं काही?

पायवाट

नाही. तिन्ही नाहीत.

दस्तनोंद

कारण शोधण्याआधी भागाकार तपासा. इंडेक्स-२ मध्ये (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश उतारा) रकाना ५ क्षेत्रफळाचा असतो आणि त्यात नुसता आकडा असतो, उदा. '६५ चौ.मीटर'. हे ६५ कारपेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) की बिल्टअप (भिंतींसकट धरलेली जागा), ते त्या रकान्यात बहुतेक वेळा नसतंच. ते सापडतं रकाना ४ मध्ये, म्हणजे भूमापन, पोटहिस्सा व घरक्रमांक लिहितात तिथे. त्या लांबलचक मजकुराच्या पोटात 'यांसी क्षेत्र अमुक चौ.फूट बिल्टअप' असं दडलेलं असतं.

किती फरक पडतो ते बघा. मोबदला ७२ लाख, क्षेत्र ६५ चौ.मी. असं धरू. कारपेट समजून हिशोब केला तर ६५ × १०.७६४ = ६९९.६६ चौ.फूट, दर १०,२९१ रुपये. तेच ६५ बिल्टअप असेल तर कारपेट काढायला आधी १.२ ने भागायचं: ५४.१७ चौ.मी., म्हणजे ५८३ चौ.फूट, दर १२,३४९ रुपये. तोच फ्लॅट, तेच पैसे, आणि पहिला दर दुसऱ्यापेक्षा १६.७ टक्क्यांनी कमी. तुमच्या १८ च्या किती जवळ आलो पाहा.

एका बाजूच्या बिल्डरने मूळ करारनामे बिल्टअपवर केले असतील, तर पुनर्विक्रीच्या प्रत्येक दस्तात तोच आकडा उतरत जातो. वकील जुन्या दस्तावरूनच मिळकतीचं वर्णन उचलतात. वीस वर्षांपूर्वीची सवय आजच्या दरात दिसते ती अशी.

चटईक्षेत्र

दस्तनोंद यांचं बरोबर आहे, पण १.२ सरसकट लावू नका. रेडी रेकनरच्या (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले दर) मार्गदर्शक सूचनांत जुन्या कारपेटवरून बिल्टअप काढायला १.२ आणि रेराच्या (गृहप्रकल्पांवर नियमन ठेवणारा कायदा) कारपेटवरून काढायला १.१ धरतात. कारण व्याख्याच वेगळी. रेराच्या कारपेटमध्ये आतल्या भिंतींची जागा धरलेली असते; बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळलेली. जुन्या व्यवहारात कारपेट म्हणजे गालिचा पसरेल तेवढीच जागा, आतल्या भिंतीसुद्धा बाहेर. शिवाय त्या काळच्या फ्लॅटमध्ये बाल्कनी हॉलमध्ये ओढून घेतलेली असते. कागदावर ती बाल्कनी, प्रत्यक्षात सोफा तिथेच.

तिसरी जात 'सेलेबल' किंवा सुपर बिल्टअप. यात जिना, लॉबी, कधीकधी क्लबहाऊसचा वाटाही चढवलेला असतो आणि गुणक ज्याचा त्याचा. असा आकडा गुणक लावून दुरुस्त होत नाही. मंजूर नकाशातली खोल्यांची मापं घेऊन कारपेट स्वतः काढा. एका सोसायटीत फ्लॅटचे दोन-तीनच प्रकार असतात, म्हणजे एका इमारतीला अर्ध्या तासाचं काम आहे.

लगतची गच्ची आणि पार्किंग रकाना ४ मधून वेगळं टिपून ठेवा. गच्चीचं क्षेत्र काही दस्तांत मूळ क्षेत्रात मिळवलेलं असतं. तसं झालं की दर आणखी खाली दिसतो.

मध्यक

सरासरी सोडा, मध्यक घ्या, म्हणजे दर क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. २६ व्यवहारांत दोन विचित्र दस्त असले तरी सरासरी घसरते, मध्यक जागचा हलत नाही. आणि त्याही आधी यादी चाळा. रकाना १ मध्ये विलेखाचा प्रकार असतो. त्यावरून बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, चूक दुरुस्ती पत्र, गहाणखत हे सगळं बाहेर काढा. साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) आणि त्याच फ्लॅटचं नंतरचं खरेदीखत अशी जोडी आली तर एकच ठेवा, नाहीतर तो फ्लॅट दोनदा मोजला जातो, आणि बऱ्याचदा दोन वेगवेगळ्या वर्षांत.

खरेदीखतच असूनही लिहून देणारा आणि घेणारा एकाच आडनावाचे, आणि मोबदला बाजारभावाच्या रकान्याइतकाच, असं दिसलं तर तो व्यवहार घरातला समजून बाजूला ठेवा. फेकू नका, वेगळ्या यादीत ठेवा.

पुनर्विकास चालू असलेली एखादी सोसायटी यादीत असेल तर खास सावध. 'कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार' हा जुन्या सभासदाला नवी जागा देण्याचा दस्त. त्यातल्या मोबदल्याचा बाजाराशी संबंध नसतो. असे पाच-सहा दस्त एका बाजूला आले की त्या बाजूचा दर तळाला जातो.

२०२२ पासून सुरुवात केलीत ते बरं केलंत. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये २ टक्क्यांची सवलत होती. दस्त सही झाल्यापासून नोंदणीला चार महिने मिळतात, म्हणून त्या काळातले दस्त पुढेही सांडलेले आहेत. किंमत कधी ठरली हे बघायचं तर रकाना ९ (दस्त करून दिल्याचा दिनांक) घ्यायचा, रकाना १० नव्हे.

पायवाट

रकाना ४ वाचत बसलो. पूर्वेच्या २६ पैकी ११ बिल्टअप निघाले, पश्चिमेच्या ३१ पैकी फक्त ३. घरातले आणि दुरुस्तीचे मिळून पूर्वेचे ४ व पश्चिमेचे २ गळाले. मध्यक धरून फरक आता ९ टक्क्यांवर आलाय. निम्मा प्रश्न भागाकारातच होता तर.

उरलेले ९ मात्र हटत नाहीत. मजला, पार्किंग, इमारतीचं वय सगळं लावून पाहिलं.

हवेलीकर

एक तपासणी राहिली. प्रत्येक दस्तासाठी रकाना २ (मोबदला) भागिले रकाना ३ (बाजारभाव) करा. बाजारभाव म्हणजे इथे रेडी रेकनरने काढलेलं मूल्य, खुल्या बाजारातला भाव नव्हे. नाव फसवं आहे आणि अर्ध्या लोकांचा घोळ तिथेच होतो.

हे गुणोत्तर दोन्ही बाजूंना १.१५ ते १.५ असं विखुरलेलं असेल तर दस्तात खरी किंमत उतरतेय असं मानायला हरकत नाही. पण एका बाजूचे बरेचसे दस्त १.०० ते १.०२ मध्ये दाटीने बसले असतील तर ती किंमत नसून रेकनरची सावली आहे. मुद्रांक शुल्क दोन्हींतल्या मोठ्या आकड्यावर लागतं, म्हणून रेकनरच्या खाली दाखवून शुल्क वाचत नाही. वर दाखवायची तयारी नसेल तर आकडा नेमका रेकनरवर येऊन टेकतो. उरलेलं कसं दिलं-घेतलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता रेकनरचा मूल्यविभाग पाहा. विभागांच्या हद्दी अनेकदा रस्त्याच्या मधून जातात. संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की विभाग आणि निवासी सदनिकेचा दर चौ.मीटरमध्ये दिसतो. पूर्व-पश्चिम वेगळ्या विभागांत असतील आणि पूर्वेचा दर कमी असेल, तर पूर्वेचे रेकनरला टेकलेले दस्त आपोआप खालीच दिसणार. पुढचे दर ठरवताना याच नोंदवलेल्या व्यवहारांचा आधार घेतला जातो, त्यामुळे फरक वर्षानुवर्षं स्वतःलाच पोसतो. २०२२ नंतर दोन वर्षं दर होते तसेच ठेवले होते, १ एप्रिल २०२५ ला वाढले. म्हणजे तुमच्या नमुन्यातला बराच काळ रेकनर गोठलेलाच आहे. हिशोबाला सोयीचं.

मध्यक

+१. गुणोत्तराची यादी चढत्या क्रमाने लावा आणि नुसती नजर फिरवा. आलेख काढायचीही गरज पडत नाही.

पायवाट

लावली. रस्त्याच्या दोन बाजूंना खरंच दोन मूल्यविभाग आहेत, पूर्वेचा रेकनर दर साधारण ४ टक्के कमी. पण टेकलेले दस्त दोन्हीकडे थोडेच: पूर्वेला ३, पश्चिमेला २. ते काढले तरी फरक ८ च्या आसपास राहतो. म्हणजे हा फरक खऱ्या पैशांतला दिसतोय.

सर्व्हेनंबर

आता जमिनीच्या कागदांकडे या. फ्लॅट घेणारा सहसा इमारतीचे कागद बघतो, जमिनीचे बघत नाही. बँकेचा वकील मात्र बघतो, आणि पुनर्विकासाला आलेला बिल्डर तर सगळ्यात आधी तेच बघतो. पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीत आजच्या किमतीचा मोठा भाग म्हणजे उद्याच्या पुनर्विकासाची आशा असते. ती आशा कागदाने अडवली की भाव उतरतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला इमारत तर तशीच दिसते.

प्रत्येक सोसायटीचा सर्व्हे नंबर व हिस्सा घ्या. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. सातबाऱ्यावर आधी भूधारणा पद्धती बघा: भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग १ ची जमीन मोकळेपणाने विकता येते; वर्ग २ असेल तर हस्तांतरणाला सरकारची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आला. वर्ग १ करून घेण्याचे नियम २०१९ मध्ये आले, पण सोसायटीने तो खटाटोप केला नसेल तर घोडं तिथेच अडलेलं असतं. मिळकत पत्रिकेवर हीच गोष्ट 'सत्ताप्रकार' या नावाने असते.

मग 'इतर हक्क' हा रकाना. तिथे 'ना.ज.क.धा. कलम २० खालील योजना' किंवा 'हस्तांतरणास बंदी' असा शेरा आहे का पाहा. पुण्याच्या उपनगरांत हा शेरा वाटेल तिथे भेटतो. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ चा. राज्यात तो २९ नोव्हेंबर २००७ ला रद्द झाला. लोकांना वाटतं विषय मिटला. पण रद्द करणाऱ्या कायद्यानेच कलम २० खाली दिलेल्या सवलती (कमाल मर्यादेपेक्षा जास्त जमीन अटींवर ठेवू देणाऱ्या) राखून ठेवल्या, आणि सवलतींबरोबर त्यांच्या अटीही राहिल्या. २०१९ मध्ये शासनाने अधिमूल्य भरून या अटींतून मोकळं होण्याची वाट काढली. ते अधिमूल्य भरायचं कोणी, सोसायटीने की येणाऱ्या बिल्डरने, यावर सभांमध्ये वर्षं जातात. घेणारा तेवढं वजा करूनच भाव बोलतो.

शेऱ्याशेजारी फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) क्रमांक असतो. तो फेरफार उघडून आदेशाचा क्रमांक आणि तारीख मिळवा. मूळ आदेश वाचल्याशिवाय शेरा किती जागेवर आहे ते कळत नाही. कधी अख्ख्या सर्व्हे नंबरवर, कधी फक्त एका हिश्श्यावर.

चटईक्षेत्र

मुठा जवळ आहे म्हणताय तर पूररेषाही बघून टाका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला पट्टा निषिद्ध. निळ्या-लालच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर न्यावं लागतं. पार्किंगला तळमजला सोडायचा असतोच, तरी तळघराचा हिशोब बिघडतो आणि उताराचा रॅम्प जागा खातो. विकास आराखड्याच्या भाग नकाशावर दोन्ही रेषा दाखवलेल्या असतात. सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला मागा, त्यात रस्तारुंदीकरण आणि आरक्षणही कळेल.

गंमतगोष्ट

लाल रेषा म्हणजेच रेड झोन ना? तिथे तर बँका कर्जच देत नाहीत.

सर्व्हेनंबर

नाही, नावाचा घोळ आहे. पुण्यात 'रेड झोन' म्हणतात ते संरक्षण खात्याच्या दारूगोळ्याच्या कोठारांभोवतालच्या क्षेत्राला, १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याखालच्या. देहूरोडच्या कोठाराभोवती ते २००० यार्डांचं आहे. निगडी, तळवडेकडच्या लोकांना विचारा. तिथे बांधकाम परवानगीच मिळत नाही, म्हणून बँका मागे सरतात. पुराच्या लाल रेषेत तसं नाही.

हवेलीकर

पायवाट, आणखी एक: तुमच्या यादीत दस्त सुटलेले असू शकतात. ई-सर्चमध्ये गाव म्हणजे मौजे, आपण बोलतो तो एरिया नव्हे. शिवाय मिळकत क्रमांक जसा टाइप केलाय तसाच शोधला जातो. हिस्सा '१२/३', '१२/३/१', '१२/३अ' असे सगळे प्रकार टाकून बघा, सर्व्हे नंबर आणि सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) दोन्हींनी शोधा, आणि प्रत्येक वर्ष वेगळं. निकालात एकच दुय्यम निबंधक कार्यालय दिसत असेल तर शंका घ्या. हवेली तालुक्याची दोन डझनांहून जास्त कार्यालयं आहेत आणि लोक सोयीच्या कार्यालयात जातात.

कर्जफाईल

बँकेच्या बाजूने थोडं. मूल्यांकन करणारा आजूबाजूचे अलीकडचे व्यवहार आणि स्वतःच्याच जुन्या फाइली बघतो. एकदा 'पूर्वेची बाजू ८ टक्के खाली' हे त्याच्या तक्त्यात बसलं की पुढचं प्रत्येक मूल्यांकन तिथूनच सुरू होतं. करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा धरून कर्ज बसतं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के, ७५ लाखांच्या वर ७५ टक्के. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, स्त्रीच्या नावावर घर असेल तर १ टक्का कमी. हे शुल्क मोठ्या किमतीच्या घरात कर्जाच्या हिशोबात धरत नाहीत, खिशातून जातं. मूल्यांकन कमी आलं की घेणाऱ्याला रोख हिस्सा वाढवावा लागतो आणि तो तेवढा भाव पाडून मागतो. मूळ कारण संपल्यावरही फरक काही काळ टिकतो तो यामुळे.

सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झालंय का तेही बघा. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असेल तर फाइल हमखास रखडते.

पायवाट

बरंच हाती लागलं. क्रमाने लिहितो.

हिस्से वेगवेगळे टाकून शोधल्यावर पूर्वेचे आणखी ७ दस्त मिळाले, पश्चिमेचे ४. फरक ८ वरून ७.५ झाला, म्हणजे नमुना वाढल्याने चित्र बदललं नाही.

पूररेषा: लाल रेषा दोन्ही बाजूंच्या बरीच अलीकडे, नदीकडेच थांबते. बाद.

सातबारा: पूर्वेच्या सहा सोसायट्यांपैकी चारांवर कलम २० चा शेरा, चारही एकाच फेरफाराने आलेले. पश्चिमेला एकावरही नाही. फक्त या चार सोसायट्या धरल्या तर पश्चिमेशी फरक ९ टक्के.

पण उरलेल्या दोन सोसायट्यांवर शेरा नाही, वर्ग १ आहेत, अभिहस्तांतरण झालंय, तरी त्या ५ टक्के खाली आहेत. त्यांचे मिळून दस्त फक्त ९.

मध्यक

९ दस्तांवर ५ टक्के म्हणजे मी पैज लावणार नाही. त्यातले सर्वांत स्वस्त दोन काढून बघा, कदाचित ५ चे २ होतील.

पायवाट

काढून पाहिले. ४ राहतात.

सर्व्हेनंबर

त्या दोन सोसायट्या मूळ सर्व्हे नंबर फुटण्याआधी त्याच चारांच्या जमिनीचा भाग होत्या का? हिस्से नवे असतील तर जुने सातबारे आणि फाळणीचे फेरफार काढा. शेरा मूळ नंबरवर असताना तो काही हिश्श्यांवर चढवायचा राहून जातो. सातबारा कोरा दिसतो, पण आदेशाच्या परिशिष्टात क्षेत्र सामील असतं. शोध अहवाल करणारे वकील ३० वर्षं मागे जातात, त्यांना ते सापडतं आणि घेणाऱ्याच्या कानावर जातं. तलाठ्याकडे न जाता तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या गट-सर्व्हे क्रमांकाने नक्कल मागा, आणि अर्जात 'फाळणीपूर्व' असं स्पष्ट लिहा, नाहीतर आजचाच उतारा हातात ठेवतील.